पाच तासांच्या दराने

संक्रांतीनंतरच्या रविवारी जेवणं झाल्यावर नानांनी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली आणि मला हाक मारली.

"कुमुद, इंग्रजी काढ."

माळ्यावरची शिडी काढायला सांगावी तसं ते मला इंग्रजी काढायला सांगत. मी उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या, दौत-टाक घेतला आणि त्यांच्यासमोर बसले. मल्हारगंजात सुतळीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. रविवारी दुकान बंद असे, त्यामुळे खालचा कलकलाट नव्हता. आई पलीकडच्या खोलीत तिळगूळ उरला होता तो डब्यात भरत होती.

नाना, म्हणजे रघुवीर दत्तोपंत शेवडे, एका कापड मिलमध्ये वीजखात्याचे फोरमन होते. त्याआधी वीस वर्षं होळकर संस्थानाच्या वीजघरात होते. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं त्या वर्षी ते मिलमध्ये आले, आणि तिथे त्यांना पहिल्यांदा इंग्रजीतून अर्ज-अहवाल द्यावे लागले. कॅटलॉग आणि मीटर त्यांना वाचता येत. पत्र लिहायची वेळ आली की हात थबके. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, लायब्ररीतून आठवड्याला तीन पुस्तकं आणून वाचत होते. तेव्हा सहा वर्षं त्यांची मिलची सगळी पत्रं मीच लिहीत आले होते. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत उतरवायची, ते सही करायचे.

त्या दिवशीचं पत्र बॅटरीबद्दल होतं.

मिलने दोन वर्षांपूर्वी महूच्या छावणीतला लढाईनंतरचा माल लिलावात घेतला. त्यात विजेवर चालणारी एक गाडी आली. तिला छप्पर नव्हतं, बसायची जागा नव्हती. चार चाकांवर एक लोखंडी फळी, खाली मोटर, आणि पुढे उभं राहून चालवायला एक पायरी. तिच्यावर कापडाच्या गाठी लादून फिनिशिंग खात्यातून रेल्वेच्या सायडिंगजवळच्या गोदामात न्यायच्या, अशी कल्पना होती. तोवर हे काम बारा माणसं हातठेल्यांवर करत. गोदामापाशी एक चढ होता. त्या चढावर दोन वर्षांत दोन माणसांचे पाय ठेल्याखाली सापडले होते, म्हणून नानांना ती गाडी हवी होती. पण गाडी आली ती बॅटरीशिवाय. पेटी रिकामी होती. तिच्यात कुठली बॅटरी बसवायची हे ठरवायचं काम चीफ इंजिनिअर अप्पासाहेब रेगे यांनी नानांवर सोपवलं होतं.

नानांनी त्यात पाच महिने घातले. आधी त्यांनी बसच्या चार बॅटऱ्या उसन्या आणून जोडल्या, कारण सियागंजात त्या सहज मिळत आणि स्वस्त होत्या. बारा दिवसांत त्या बसल्या. नानांना ते अपेक्षितच होतं, पण मॅनेजरांना दाखवायचं होतं. बसच्या बॅटरीला सकाळी एक धक्का द्यायचा असतो, पुढे इंजिन आपलं आपण चालतं, असं ते म्हणाले. या गाडीला इंजिनच नाही. दिवसभर जे द्यायचं ते बॅटरीनेच द्यायचं, आणि संध्याकाळी रिकामं व्हायचं. पातळ प्लेटांच्या बॅटरीला रोज रिकामं होणं सोसत नाही.

मग निकेल आणि लोखंडाच्या बॅटरीचा विचार झाला. ती पोलादी डब्यातली, वीस-वीस वर्षं टिकणारी. तिच्याबद्दल मी लायब्ररीतल्या ज्ञानकोशात वाचून नानांना उत्साहाने सांगितलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांच्या हरकती दोन होत्या. तिच्या एका सेलचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी, त्यामुळे बारा सेलांच्या जागी वीस लागणार, आणि पेटीत मावणार बारा. दुसरी हरकत ज्ञानकोशात नव्हती. त्या बॅटरीत तेजाब नसतं, क्षार असतो. तेजाबाचा थेंब गेला तरी ती मरते. "आणि आपल्याकडे दोन्हींना फनेल एकच असणार," नाना म्हणाले. "कितीही सांगितलं तरी एकच असणार."

शेवटी शिशाची, पण दोन-दोन व्होल्टच्या सुट्या बारा सेलांची, जाड प्लेटांची बॅटरी त्यांनी पक्की केली. कुठल्या ताकदीची, हे ठरवायला ते आणि त्यांचा फिटर दिनानाथ तीन आठवडे त्या गाडीवर अँपिअरमीटर बांधून उभे राहिले होते. सपाटीवर अठ्ठावीस, चढावर सत्तर, गाठी कमी असतील तर इतके, जास्त असतील तर तितके. ते सगळं निळ्या वहीत होतं.

पत्रात तीन कलमं होती. पहिल्यात बसची बॅटरी, दुसऱ्यात निकेल-लोखंडाची, तिसऱ्यात शिशाच्या सुट्या सेलांची. प्रत्येक कलमात किती व्होल्ट, किती अँपिअर-अवर, वजन किती, आणि घ्यावी की नाही. नाना सांगत होते, मी लिहीत होते. पहिल्या कलमात ते म्हणाले, "दोनशे अँपिअर-अवर, पाच तासांच्या दराने." मी लिहिलं. दुसऱ्या कलमात पुन्हा तेच म्हणाले, "पाच तासांच्या दराने." तिसऱ्यात पुन्हा.

मी ते दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमात लिहिलं नाही.

त्या दिवशी मला हे काही केल्यासारखंही वाटलं नव्हतं. एकाच पानावर तेच तीन शब्द तीनदा आले की वाक्य जड होतं. एकदा सांगितलं की वाचणारा ते पुढे घेऊन जातो. मी माझ्या मुलींना निबंधात हेच शिकवत होते, आणि त्यांच्या वह्यांत अशा शब्दांखाली लाल रेघ मारत होते. नानांच्या सगळ्याच पत्रांतून मी असं काहीबाही काढत आले होते. ते बोलताना एक गोष्ट तीनदा सांगत. ती माझ्या हातून जाताना एकदा होत असे.

"झालंसुद्धा?" त्यांनी विचारलं. "मी सांगायला लागतो तेव्हा हे मोठं असतं."

"मी इस्त्री करते ना."

"कर बाई. नाहीतर अप्पासाहेब म्हणायचे, शेवड्याचं पत्र धुऊन तसंच घातलं."

त्यांनी पहिलं कलम बोट ठेवून वाचलं, "बराब्बर" म्हणाले आणि पान उलटून सही केली. वाचलं ते पहिलंच. मग त्यांनी आईकडे चहा मागितला, दिनानाथच्या मुलीच्या लग्नात काय द्यायचं यावर थोडं बोलणं झालं, आणि चार वाजता ते राजवाड्याकडे पायी एक फेरी मारून आले. येताना त्यांनी माझ्यासाठी शाईची नवी दौत आणली होती.

सोमवारी सकाळी त्यांनी पत्र अप्पासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. अकराच्या सुमारास स्विचबोर्डाच्या खोलीत बाकावर बसले असता त्यांनी दिनानाथकडे पाणी मागितलं. दिनानाथ पाणी घेऊन आला तेव्हा ते गेलेले होते. ते छप्पन्न वर्षांचे होते. मला शाळेतून बोलवायला आला तो मिलचा दरवान होता. सायकल हातात धरून तो माझ्या बाजूने चालत राहिला.

पुढचे तेरा दिवस जसे असतात तसे गेले. मिलची माणसं येत, खालच्या दुकानापाशी चपला काढून वर येत आणि भिंतीला टेकून बसत. अप्पासाहेब दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी आईला सांगितलं की रघुवीररावांचं शेवटचं पत्र आम्ही मंजूर केलं आहे, त्यांनी लिहिली तीच बॅटरी मुंबईहून मागवली आहे. आई तेव्हा पहिल्यांदा रडली. मीही त्या वेळी मनात म्हटलं, निदान ते पत्र चांगलं होतं.

बॅटरी चैत्रात आली. दिनानाथने गाडीच्या पेटीत बारा सेल बसवले, नारळ फोडला, आणि गाडी गाठींसकट चढ चढून गेली. तो पेढे घेऊन घरी आला. ठेलेवाले तिला 'शेवडेजी की गाड़ी' म्हणतात, असं त्याने सांगितलं. आईने त्याच्याकडून सगळं दोनदा ऐकलं. तिने आयुष्यात मिलचं फाटक ओलांडलं नव्हतं, पण त्यानंतर कोणीही समाचाराला आलं की ती त्यांना गाडीबद्दल सांगे. बारा माणसांचं काम एक गाडी करते, आता कोणाच्या पायावर ठेला जात नाही, हे ती इतक्या सहज सांगे की जणू रोज जाऊन बघून येते.

दिनानाथ दर पंधरा दिवसांनी येई. आई विचारी, "गाडी चालते ना?" तो म्हणे, "चालते काकू, फस्क्लास."

आषाढात एकदा तो शाळेच्या फाटकापाशी उभा दिसला. घरी यायचं सोडून इथे का आलात, असं मी विचारलं. तो म्हणाला की काकूंसमोर बोलायचं नव्हतं.

गाडी पहिल्या महिन्यापासूनच पूर्ण दिवस जात नव्हती. आधी साडेतीनला मंद व्हायची. मग तीनला. चालवणारे तिला तशीच ढकलत न्यायचे, कारण गाठी अर्ध्या वाटेवर सोडता येत नाहीत. रोज तळापर्यंत उपसल्यावर बॅटरी आणखी खालावली, आणि आता ती जेवणाच्या सुट्टीआधीच बसत होती. ठेले परत बाहेर काढले होते. पहिल्यांदा दिनानाथवर आलं, की हा रात्री चार्जिंग पूर्ण करत नाही. त्याने बॅटरी पूर्ण भरल्याचे हायड्रोमीटरचे रोजचे आकडे दाखवले. मग कंपनीला पत्र गेलं. त्याचं उत्तर कालच आलं होतं.

"कंपनी म्हणते, ताई, की तुम्ही रेट लिहिलाच नाही. दोनशे अँपिअर-अवर लिहिलं, पण कित्या घंट्यांच्या हिशेबाने ते नाही. जिथे लिहिलेलं नसतं तिथे ते दस घंटे धरतात. ही त्यांची घरातल्या दिव्यांची बॅटरी आहे, दस घंटे आस्ते-आस्ते चालणारी. आपली गाडी पाच घंट्यांत पूरा माल खेचते."

दोनशे म्हणजे दोनशेच ना, मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षं मी ते आकडे लिहीत होते.

त्याने उसाच्या चरख्याचं उदाहरण दिलं. ऊस तोच. चरखा हळू फिरवला तर ग्लासभर रस निघतो. गिऱ्हाइकांची गर्दी असली आणि जोरात फिरवला तर रस चिपाडातच राहून जातो, ग्लास पाऊणच भरतो. बॅटरीचं तसंच. ती किती देते हे तुम्ही किती घाईने मागता त्यावर आहे. म्हणून नुसतं दोनशे म्हणण्याला अर्थ नाही, दोनशे कित्या घंट्यांत, ते सांगावं लागतं. नानांनी त्याला हे असंच समजावलं होतं. मला त्यांनी कधी समजावलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं.

मग तो मुख्य गोष्टीवर आला. अप्पासाहेबांनी फाइलीतून नानांचं पत्र काढून पाहिलं होतं. पहिल्या कलमात दर लिहिलेला होता. तिसऱ्या कलमात, ज्यावरून माल मागवला त्यात, नव्हता. "अप्पासाहेब बोलले, शेवडे थकले होते. सुरुवातीला ध्यानात राहिलं, शेवटाला सुटून गेलं. दूसरे दिन तो चले ही गए. गुस्सा नाही केला त्यांनी, ताई. पण मला पटत नाही. आपल्या साहेबांचं असं सुटत नव्हतं."

मी म्हटलं, पहिल्यात लिहिलं असेल तर पुढेही तेच धरायचं, हे वाचणाऱ्याला कळायला नको का.

दिनानाथ माझ्याकडे बघून थोडा हसला, समजावून सांगताना लहान मुलांकडे बघून हसतात तसा. मिलमध्ये पत्र कोणी वाचत नाही, असं तो म्हणाला. इंजिनिअर ज्या कलमावर टिक करतो तेवढी लाइन स्टोअरचा बाबू मागणीच्या चिठ्ठीवर उतरवतो. बाकीचा कागद फाइलीत. चिठ्ठी मुंबईला. म्हणून नाना प्रत्येक लाइन पूर्ण लिहायचे. त्यांचं म्हणणं असायचं की कागद कुठूनही फाडा, हातात येईल त्या तुकड्यावर काम झालं पाहिजे.

"साहेबांची एक वही होती ना, नीली. त्यात जरूर लिहिलेलं असेल. तेवढी मिळाली तर मी अप्पासाहेबांना दाखवतो. त्यांना बोलतो, बघा, आमच्या साहेबांना माहीत होतं."

मी बघते, म्हणाले.

वही माझ्याच कपाटात होती, पुस्तकांच्या मागे. आई बाहेर गेली तेव्हा मी ती उघडली. पत्रासाठी केलेलं टिपण शेवटच्या लिहिलेल्या पानावर होतं, नानांच्या मोठ्या, सुट्या मराठी अक्षरात. तीन ओळी. प्रत्येक ओळीत 'पाच तासांच्या दराने' असं पूर्ण लिहिलेलं. 'वरीलप्रमाणे' नाही, दोन रेघांची खूणही नाही. तिन्ही वेळा तिन्ही शब्द.

दिनानाथ पुढच्या वेळी आला तेव्हा मी त्याला सांगितलं की वही सापडली नाही.

हे का केलं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला, आणि जेवढा केला तेवढी कारणं वाढत गेली. आईला कळेल हे एक होतं. शाळेत, मिलमध्ये, 'शेवड्यांची शिकलेली मुलगी' म्हणून जी ओळख होती ती जाईल हेही होतं. पण खरं कारण त्याहून लहान होतं. नाना गेल्यावर मला एकाच गोष्टीचा आधार होता, की त्यांच्यासाठी मी काही केलं असेल तर ही पत्रं केली. ते हातातून सोडायची माझी तयारी नव्हती. दिनानाथ म्हणाला, जाऊ द्या ताई, तुम्ही तरी काय करणार. त्याने पुन्हा वहीचं नाव काढलं नाही. आईने विचारल्यावर तो "चालते काकू" म्हणत राहिला, आणि मी त्याच्याकडे न बघता तिथेच बसून राहिले. काही महिने आम्ही दोघं मिळून तिच्याशी खोटं बोललो. त्याला वाटत होतं की तो नानांसाठी बोलतो आहे.

मी लायब्ररीत जाऊन बॅटरीवरचं एक जुनं पुस्तक काढलं. इतकी वर्षं वाचत आले, पण अमुक एक उत्तर निघावं अशी इच्छा धरून पुस्तक उघडायची ती पहिलीच वेळ. पाच तास काय नि दहा तास काय, फार फरक पडत नाही, असं कुठे लिहिलेलं मिळतं का ते मी बघत होते. एक तक्ता होता. जी बॅटरी दहा तासांत दोनशे देते ती पाच तासांत एकशे साठ-पासष्ट देते. दुसरा तक्ता होता तो रोज तळापर्यंत उपसल्यास प्लेटा किती दिवस टिकतात याचा. मी पुस्तक परत करून आले.

नवरात्रात दिनानाथ आमंत्रण घेऊन आला. खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी सकाळी सांचे, म्हणजे माग, बंद असतात, प्रत्येक खातं आपापल्या हत्यारांना फुलं वाहतं. वीजखात्याची पूजा इतकी वर्षं नाना करत. या वर्षी त्यांचा फोटो लावणार होते, आणि त्याला हार घालायला काकूंनी यावं अशी सगळ्यांची इच्छा होती. आईने आधी नाही म्हटलं. तिला अशा जागी जायचा संकोच होता. दिनानाथने तिला सांगितलं की साहेबांच्या खात्यात तुम्हाला कोण काय म्हणणार, आणि मी स्वतः टांगा घेऊन येईन.

स्विचबोर्डाची खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. फरशी धुतलेली होती. मोटरींवर झेंडूच्या माळा होत्या, पक्कडी आणि नट पिळायचे पाने पाटावर मांडून त्यांना कुंकू लावलं होतं. बाकही तिथेच होतं. त्यावर कोणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे होते. वीस-बावीस माणसं असतील. आईसाठी ऑफिसातून खुर्ची आणली होती. बाहेर व्हरांड्यात ती गाडी उभी होती. तिच्यावरही एक माळ होती. पेटीचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

आईने ती बघितली आणि दिनानाथला विचारलं, "हीच ना?" तो हो म्हणाला. "आज सुट्टी म्हणून बॅटरी काढून ठेवली का?" त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

पूजा झाली. आईने हार घातला. प्रसाद वाटायच्या आधी अप्पासाहेब दोन शब्द बोलले. ते मनाने चांगले गृहस्थ होते, आणि चांगलंच बोलले. रघुवीररावांनी सहा वर्षांत या मिलचा एक दिवस विजेवाचून जाऊ दिला नाही, असं म्हणाले. बोलण्याच्या ओघात गाडीचा विषय निघाला. ती आता भंगारात देणार होते. दुसरी बॅटरी घ्यायला मालक तयार नव्हते, एकदा हात पोळले होते. दिनानाथला पुढच्या महिन्यापासून बॉयलरकडे पाठवणार होते.

"बॅटरीच्या बाबतीत रघुवीररावांच्या हातून एक गोष्ट राहून गेली," ते म्हणाले. "माणूस थकतो. त्या पत्राची तारीख पाहिली की माझ्या मनात काही राहत नाही. कोणीच मनात ठेवू नये. ज्याने हजार कामं चोख केली त्याचं एक चुकलं तर ते आपण पोटात घालायचं."

दोघा-तिघांनी माना हलवल्या. कोणी तरी हळूच "सही बात" म्हणालं. दिनानाथ फरशीकडे बघत होता.

आई माझ्या बाजूला खुर्चीवर होती. तिने अप्पासाहेबांना विचारलं की यांच्याकडून काय राहिलं. त्यांनी तिला अगदी हलक्या आवाजात, तिला समजेल असं सांगितलं. एक आकडा अर्धा लिहिला गेला, त्यामुळे चुकीची बॅटरी आली, गाडी चालली नाही. तिने ऐकून घेतलं. ती दिनानाथकडे वळली नाही, इतके महिने खोटं का सांगितलंत असंही विचारलं नाही. पदर सारखा केला.

"थकले होते खरे," ती म्हणाली. "मला दिसत होतं. मी बोलले नाही, माझंच चुकलं."

अप्पासाहेब म्हणाले, छे वहिनी, तुमचा काय संबंध. एकाने प्रसादाचं ताट उचललं होतं, ते तो घेऊन पुढे आला. तो आईपाशी पोचला आणि तिने हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणाले.

ताट घेतलेला माणूस थांबला. मी वर्गात बोलते तसा माझा आवाज निघाला, जरा मोठाच. दुसरा कसला आवाज मला त्या वेळी सापडला नाही.

"आई, तुझं काही चुकलं नाही. नाना थकलेले नव्हते. अप्पासाहेब, त्यांनी तिन्ही कलमांत पाच तासांचा दर सांगितला होता. पत्र मी लिहिलं. पहिल्या कलमात ठेवला आणि पुढच्या दोन्हीतून मी काढला. तेच तेच वाईट दिसतं म्हणून. त्यांना विचारलंसुद्धा नाही. वही माझ्याकडे आहे, दिनानाथभाऊ. तुम्ही मागितलीत तेव्हाही होती. त्यात सगळं बरोबर आहे, ती बघून बॅटरी मागवा, गाडी चालेल."

आई माझ्याकडे बघत होती. मला तिथेच थांबता आलं असतं. जे मिलला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

"सहा वर्षं मी त्यांची पत्रं लिहिली," मी म्हणाले, "आणि सहा वर्षं मला वाटत होतं की नानांना लिहिता येत नाही."